घर आपलं, गावाचा नकाशा कुणाचा?

माझं माहेर रत्नागिरीचं, मांडवीचं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की जेटीवर जाऊन बसायचं, हा आमच्या घरातल्या बायकांचा जुना शिरस्ता. उजव्या हाताला भगवतीचा किल्ला, डाव्या हाताला भाट्याच्या खाडीचं तोंड, आणि पायाखाली ती काळसर वाळू. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. म्हणून मुंबईतही मांडवी आहे, कच्छातही आहे. जिथे बंदर, तिथे जकात, आणि जिथे जकात, तिथे वस्ती. आमची मांडवी अशीच वसली. कुणी नकाशा काढून वसवली नाही. समुद्र, खाडी, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि माडांची आगरं पाहून माणसांनी आपली घरं बांधली, आणि घराघरांमधल्या पाणंदींचे पुढे रस्ते झाले.

मुंबईची बोट बंद होऊन आता कितीतरी वर्षं झाली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली आणि रत्नागिरीचा दरवाजा समुद्राकडून डोंगराकडे फिरला. स्टेशन कुवारबावच्या बाजूला, बंदरापासून चांगलं लांब. मग नवी वस्तीही तिकडेच सरकली. जुन्या भागात मात्र वेगळंच चाललं आहे. एकेक कौलारू घर उतरतं आणि त्या जागी चार मजली इमारत उभी राहते.

यंदा मे महिन्यात माहेरी गेले, तर आमच्या घरीही तोच विषय. मुंबईच्या भावांनी एका बिल्डरशी बोलणं केलेलं. ओटीवर गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक पडलेलं. त्यात गच्चीवरून दिसणारा समुद्र, कुंड्या, झोपाळा, सगळं होतं. काकूनं चष्मा लावून पानन् पान पाहिलं, आणि मला विचारलं, "अगो, सगळं छान आहे. पण ह्यात विहीर कुठाय?"

खरंच, विहीर कुठेच नव्हती. तिच्या जागी गाड्या उभ्या होत्या.

काकूला ब्याऐंशी वर्षं झाली. त्यातली साठएक वर्षं तिनं त्या विहिरीचं पाणी शेंदलं, नंतर पंपानं चढवलं. नळाला पाणी नसेल त्या दिवशी आळीतल्या चार घरांनी त्याच विहिरीवर भागवलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी थोडी विचारपूस केली, कायदे वाचले, जाणत्यांशी बोलले. तेव्हा कळलं की काकूचा प्रश्न एका घराचा नाही. तो साऱ्या जिल्ह्याचा आहे, आणि बायकांचा तर नक्कीच आहे. तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

बायकांचा जिल्हा

आधी एक गंमत सांगते, नि ती तितकीशी गंमतही नाही. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे १६ लाख १५ हजार भरली. म्हणजे दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली! साऱ्या देशात माणसं वाढत असताना आपला जिल्हा आटला. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी शहर मात्र सत्तर हजारांवरून शहात्तर हजारांवर गेलं. खेड्यातल्या घराला कुलूप, आणि शहरात नवा ब्लॉक, असा हा हिशेब.

त्याच जनगणनेतला दुसरा आकडा पाहा. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ९२९ होता. कारण आपल्याला ठाऊकच आहे. कोकणातला बाप्या पिढ्यान् पिढ्या मुंबईला, आणि घर, शेत, म्हातारीकोतारी, पोरंबाळं सांभाळायला बाई गावाला.

आता विचार करा. ज्या जिल्ह्यात राहणाऱ्यांमध्ये बायका जास्त, तिथलं पाणी, रस्ता, शाळा, बाजार, कचरा, दिवे यांचा रोजचा अनुभव कुणाला? बायकांनाच. पण घर कुठे बांधायचं, रस्ता कुठून न्यायचा, मैदान कुठे ठेवायचं, हे ठरतं तेव्हा आपण कुठे असतो? बहुधा स्वयंपाकघरात, आलेल्या मंडळींचा चहा गाळत. "तुम्हांला ह्यातलं काय कळतं?" असं कुणी म्हणायची गरजच पडत नाही. आपणच म्हणून टाकतो, "आम्हांला ह्यातलं काय कळतंय!"

तर कळतं, बरं का. शिधापत्रिकेचे नियम आपल्याला कळतात, बँकेच्या ठेवींचे व्याज कळते. मग हेही कळेल.

एक गाव, दोन नकाशे

आपल्या राज्यात या सगळ्याचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. नाव लांबलचक आहे, पण त्याचं सार सोपं आहे. या कायद्यानं दोन प्रकारचे मोठे नकाशे सांगितले आहेत.

पहिला म्हणजे प्रादेशिक योजना. तो एका शहराचा नसतो, साऱ्या प्रदेशाचा असतो. शेती आणि बागायत कुठे राहावी, वस्ती कुठे वाढावी, कारखाने कुठे असावेत, जंगल नि पाण्याची ठिकाणं कशी राखावीत, मोठे रस्ते कुठून जावेत, हे त्यात मोठ्या मापानं दाखवतात. १ मे १९८१ ला जुन्या रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तरी नियोजनासाठी या दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एकच प्रदेश धरलेला आहे.

दुसरा नकाशा म्हणजे शहराची विकास योजना, जिला सगळे 'डी. पी.' म्हणतात. ती नगरपालिका करते. त्यात रंग भरलेले असतात. राहण्याची जागा पिवळी, दुकानांची निळी, कारखान्यांची जांभळी, मोकळी नि शेतीची हिरवी. शिवाय शाळा, दवाखाना, मंडई, मैदान, रुंद होणारा रस्ता यांसाठी जागा राखून ठेवतात, त्यांना आरक्षणं म्हणतात. अशी योजना वीस वर्षांतून एकदा तरी नव्याने तपासावी, असं कायदा सांगतो. वीस वर्षं! म्हणजे आज नकाशावर ओढलेली रेघ आपल्या मुलीच्या लग्नापर्यंत, कदाचित नातीच्या बारशापर्यंत टिकणार.

आता अडचण कुठे येते पाहा. रत्नागिरी नगरपालिकेची हद्द एका जागी संपते, पण घरं काही तिथे थांबत नाहीत. नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे या बाजूंना शहर पसरलं. मुलं शहरातल्या शाळेत, नोकरी शहरात, बाजार शहरात, पण घर ग्रामपंचायतीत. हद्दीच्या अलीकडे एक कारभारी, पलीकडे दुसरा. कचरा कुणी उचलायचा, गटार कुणी कुठे सोडायचं, पावसाळ्यात पऱ्याचं पाणी कुणाच्या अंगणात शिरणार? एका वाड्यात दोन सुनांची दोन स्वयंपाकघरं झाली, की मधल्या मोरीवरून जशी कुरबुर होते, तशीच ही. म्हणून तर प्रादेशिक योजना लागते. सगळ्या चुलींचा एकत्र विचार करणारं कुणीतरी घरात हवंच ना?

डब्याखालचा कागद

हा कायदा माणसाला बोलायची संधी देतो. पण ती संधी किती पटकन निसटते, याची एक घरचीच गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही.

माझ्या नणंदेच्या गावी विकास योजनेचा प्रारूप नकाशा तयार झाला. प्रारूप म्हणजे कच्चा. वर्तमानपत्रात सूचना छापून आली. बारीक टायपात, आडव्या चौकटीत, पाचव्या-सहाव्या पानावर. तिच्या घरी कुणी ती वाचली नाही. चार दिवसांनी तोच पेपर फडताळात डाळींच्या डब्यांखाली गेला. पुढे दिवाळीला फडताळ आवरताना तिच्या हातात तो कागद आला, आणि त्याच सुमारास शेजाऱ्यांनी सांगितलं, की रुंद होणाऱ्या रस्त्याची रेघ हिच्या स्वयंपाकघरातून गेली आहे. हरकत घ्यायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. "वर्षभर माझ्याच डाळीखाली होता गं तो कागद!" असं म्हणून ती कपाळाला हात लावून बसली.

नगरपालिकेच्या विकास योजनेसाठी राजपत्रात सूचना निघाल्यापासून ही मुदत ३० दिवसांची असते. प्रादेशिक योजनेला अधिक, निदान चार महिने. या मुदतीत कुणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. हरकत फक्त जमीनमालकानंच घ्यावी असं नाही. मैदान नको तिथे दाखवलं, शाळेकडे जायला वाट नाही, विहिरीच्या उताराला वर कारखान्याची जागा आली, असं आपलं म्हणणं भाडेकरूसुद्धा मांडू शकतो. नंतर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात नगरपालिकेचे सभासद असतात, नि बाहेरचे जाणकारही. सुनावणीला बोलावलं की जायचं, आणि आपलं म्हणणं सांगायचं. वकील लागतोच असं नाही.

मुदत गेली तर सगळे दरवाजे बंद होतात का? तसंही नाही. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करण्याची तरतूद आहे, पण ती वाट लांबची. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या जागेवर आरक्षण पडलं, आणि योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा घेतलीच नाही, तर मालकाला नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. कायद्याच्या १२७ व्या कलमात हे आहे. पण मैत्रिणींनो, ह्याची दुसरी बाजूही पाहा. मालकाची जागा सुटली याचा आनंद खरा, पण तिथे होणारं मैदान, बालवाडी किंवा मंडईही त्याबरोबर गेली. आपली मुलं मग खेळतात कुठे? रस्त्यावर.

पाण्याचा हिशेब

आता काकूच्या विहिरीकडे येऊ. घरखर्चाचा हिशेब मांडतो तसा हा मांडून पाहू.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं, असं एक सरकारी माप आहे. भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी ते वापरतात. आमच्या घरात काकू, वहिनी आणि दोन माणसं, म्हणजे फार तर साडेपाचशे लिटर. तिथे सोळा ब्लॉकची इमारत उभी राहिली, दर घरी पाच माणसं धरली, तर ८० माणसं. ८० गुणिले १३५ म्हणजे रोज १०,८०० लिटर. रोज एक मोठा टँकर! जमीन तेवढीच, पाऊस तेवढाच, आणि मागणी वीसपट.

हे पाणी येणार कुठून? रत्नागिरीला शीळ आणि पानवलच्या धरणांचं पाणी येतं. पण एप्रिल-मे आला की नळाची वेळ कमी होते, हे आपल्याला नवं नाही. मग बोअर मारायची. समुद्रकाठी तिथेच खरा धोका असतो. जमिनीत गोडं पाणी हलकं म्हणून वर असतं, आणि खारं जड म्हणून खाली. दुधावर साय असते ना, तसं. सायच ओरबाडून घेतली तर खाली काय उरणार? शास्त्र असं सांगतं, की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली तर खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात, आणि कधी ती होतही नाही.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. भुयारी गटार नसेल तिथे इमारतीचं सगळं मैलापाणी सेप्टिक टाकीत आणि पुढे शोषखड्ड्यात जातं. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट लांब हवा, असं बांधकामाचं मानक आहे. आपला तर जांभा दगड, भेगा नि बिळांनी भरलेला. त्यातून पाणी चाळणीतून उतरावं तसं उतरतं. तेव्हा साठ फूट हे कमीत कमी समजावं. नि जुन्या आळीत घरांमध्येच साठ फुटांचं अंतर नाही! एका घराच्या जागी सोळा घरांचा शोषखड्डा आला, तर शेजारणीच्या विहिरीचं काय होईल, हे तिला विचारायला कुणी गेलं होतं का?

घाबरवण्यासाठी नाही सांगत. कारण याच हिशेबाची दुसरी बाजू फार आशेची आहे. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं. वाया जाणारं वजा केलं तरी दोन लाख चाळीस हजार लिटर. पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर लागले, तर हे पाणी जवळजवळ वर्षभराचं झालं! सगळं काही साठवता यायचं नाही. पण गाळून, पहिल्या पावसाचं पाणी सोडून देऊन, ते विहिरीच्या शेजारी जमिनीत मुरवता येतं. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना ही व्यवस्था करणं बंधनकारक आहे. पण बंधन कागदावर असतं आणि पन्हळ गच्चीवर. ती बसवली की नाही, हे वर चढून पाहायला हवं.

पाण्याच्या रेषा

नकाशावर माणसानं आखलेल्या रेषा असतात, तशा पाण्याच्याही रेषा असतात. किनाऱ्यावर समुद्राची रेषा. १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्र सरकारनं किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढली. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतची पट्टी त्यात आली. पुढे २०११ आणि २०१९ साली नियम बदलले. शहरातला दाट वस्तीचा किनारा आणि खेड्यातला मोकळा किनारा यांना वेगवेगळे नियम आहेत. वस्तीच्या किनाऱ्यावर साधारणपणे जुना रस्ता किंवा जुनी अधिकृत घरं यांच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येतं. तेव्हा "समुद्राला लागून" अशी जाहिरात पाहिली, की हुरळून जाऊ नका. आधी विचारा, भरतीची रेषा कुठे आहे?

समुद्र आपली रेषा विसरत नाही. मिऱ्याच्या किनाऱ्याची धूप रत्नागिरीकर वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा एक अख्खं जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन लागलं.

नदीचीही रेषा असते. २२ जुलै २०२१ ची आठवण काढली तरी चिपळूणच्या बायकांच्या अंगावर काटा येतो. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत, घरांत, पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. साठवणीचे गहू-तांदूळ, लग्नातले शालू, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात गेलं. २००५ च्या जुलैतही तिथे मोठा पूर आला होता. पाटबंधारे खातं पुराच्या दोन रेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम नको, आणि निळ्या नि लाल रेषेच्या मध्ये बांधलंच तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून वर हवं. चिपळुणात या रेषांवरून पुष्कळ वाद झाला. जिथे पिढ्यान् पिढ्यांची घरं आहेत तिथे एकाएकी निळी रेघ आली, तर माणसांनी जायचं कुठे? हा प्रश्न खोटा नाही. म्हणून तर नियोजन आधी हवं. घर बांधून झाल्यावर रेघ ओढणं म्हणजे कुंकू लावून झाल्यावर पत्रिका पाहणं!

इंदूरची दिवाळी आणि गोव्याचा धडा

सामान्य घरांना, बायकांना विचारात घेऊन गाव सुधारता येतं का? येतं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटलंडचे एक विद्वान हिंदुस्थानात आले होते. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी होळकरांच्या इंदुरात प्लेग माजला असताना नगररचनेचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी काय करावं? दिवाळीची एक भव्य मिरवणूक काढायचं ठरवलं, आणि जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या वाटेनं न जाता ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त घरं साफसूफ नि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्यांनी जाईल. झालं! घरोघर झाडलोट, सारवण, रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, आणि सफाई कामगारांना मानाची जागा होती. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी एखाददुसरं पडकं घर काढावं, तिथे मोकळी जागा, झाड, पार करावा आणि बाकी वस्ती सांभाळावी, असं गेडिस सांगत. मांडवीच्या आळीला आजही लागू पडेल असंच हे आहे.

अलीकडची गोष्ट शेजारच्या गोव्याची. २००६ साली तिथे 'प्रादेशिक योजना २०११' लागू झाली. डोंगर-उतार, शेतं, बागायती यांच्या कितीतरी जागा त्यात बांधकामाला मोकळ्या केल्या आहेत, हे लोकांच्या ध्यानात आलं. 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं. माणसं नकाशे वाचायला शिकली. आपल्या गावाचा नकाशा उघडायचा, नि कुठल्या शेताचा रंग बदलला ते बोटानं दाखवायचं! जानेवारी २००७ मध्ये सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. पुढच्या 'प्रादेशिक योजना २०२१' साठी नकाशे गावोगावी पाठवून लोकांच्या सूचना मागवाव्या लागल्या. पुढेही सगळं सुरळीत झालं असं नाही. पण सामान्य माणसाला नकाशा वाचता येतो, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

एवढं लक्षात ठेवा

● वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना आठवड्यातून एकदा तरी वाचा. आपल्या गावाचं नाव, 'विकास योजना', 'प्रादेशिक योजना', 'फेरबदल' असे शब्द दिसले की कात्रण कापून ठेवा. डब्याखाली घालू नका!

● आपल्या घराचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर तोंडपाठ ठेवा. त्यावरून नगरपालिकेत 'झोन दाखला' आणि नकाशाचा तेवढा भाग रीतसर फी भरून मागता येतो.

● हरकत साध्या मराठीत लिहा. काय चुकलं, का चुकलं, नि त्याऐवजी काय हवं, तीनच गोष्टी. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या. दहा जणींनी मिळून दिली तर उत्तम.

● घर ग्रामपंचायत हद्दीत असेल, तर नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी, असं कायदा सांगतो. ती होते का, विचारा. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. तेव्हा सभेत आपलं ऐकायला आपलीच कुणी बसलेली असेल.

● ब्लॉक घ्यायचा तर मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. भूखंड पाचशे चौरस मीटरहून मोठा आणि ब्लॉक आठांहून अधिक असतील तर ही नोंदणी लागते. शिवाय तीन घरगुती प्रश्न विचारा. मे महिन्यात पाणी कुठून येणार? सांडपाणी कुठे जाणार? छपरावरचं पाणी कुठे उतरणार?

● वडिलोपार्जित घराचा सौदा असेल तर लग्न झालेल्या लेकीही वाटेकरी असतात. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. "इथे सही कर" म्हटलं की करू नका. आधी वाचा, मग विचारा, आणि पटलं तर करा.

काकूची अट

शेवटचा मुद्दा लिहिताना मला माझंच हसू आलं. कारण आमच्या घराच्या कागदावर माझीही सही लागणार आहे, आणि मी ती कोऱ्या मनानं करायला निघाले होते.

मग आम्ही तिघीजणींनी, म्हणजे काकू, वहिनी आणि मी, ओटीवर बसून एक कागद तयार केला. अटी तीनच घातल्या. विहीर बुजवायची नाही, ती सोडून इमारत बसवायची, आणि शेजारच्या चार घरांची पाण्याची वाट मोकळी ठेवायची. शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला घ्यायचा. छपराचं सगळं पाणी गाळून विहिरीपाशी मुरवायचं. भावांनी आधी कुरकुर केली. विहीर ठेवली तर दोन गाड्यांची जागा जाते, आणि पैसेही थोडे कमी हातात येतात. त्यांचंही खोटं नाही. घराची डागडुजी दर पावसाळ्याला परवडत नाही, हे वहिनीलाही ठाऊक आहे. कौलं चढणारी माणसं मिळत नाहीत, आणि वाशांना वाळवी लागली आहे. जुनं घर राखा, असं मुंबईत किंवा माझ्यासारखं पुण्यात बसून सांगणं सोपं असतं.

पण बिल्डरनं दुसरी नि तिसरी अट लगेच मान्य केली. विहिरीचा नकाशा फिरवून आणतो म्हणाला. आता गणपतीत सगळी भावंडं एकत्र येतील तेव्हा ठरेल. तोवर सही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काकूला घेऊन पुन्हा जेटीवर गेले. भरती होती. काकू म्हणाली, "घर काय, आज ना उद्या पडायचंच. त्याचं मला वाईट नाही वाटत. पण अगो, पाण्याला विचारल्याशिवाय घर बांधू नये, असं माझे सासरे म्हणायचे."

त्यांनी कुठला कायदा वाचलेला नव्हता. तुमच्या गावच्या नकाशाला रंग भरायला घेतील, तेव्हा तुम्हीही एकदा जाऊन बघा, की पाण्याला कुणी विचारलं आहे का. आणि कुणी विचारलं नसेल, तर आपण विचारू या.